चांदीच्या पाण्याला थंडी वाजू नये म्हणून

मेळघाटाच्या डोंगरात खूप उंचावर एक पठार होतं, पठारावर हिवरपाटी नावाचं गवळ्यांचं गाव होतं, आणि त्या गावात बिसन नावाचा एक भोळा गवळी नांदत होता.

बिसन आळशी नव्हता. लबाड तर मुळीच नव्हता. कुणी काही सांगितलं की तो मन लावून ऐकायचा, मान डोलवायचा आणि सांगितलं तेवढंच करायचा. त्याहून कमी नाही, त्याहून जास्त नाही. गावाला त्याच्या याच गुणाची धास्ती होती.

एकदा त्याची बायको सायत्रा शेण काढता काढता म्हणाली, "दारात कोनी आलं तर बसा म्हना हो. तसंच पाठवू नका." त्या दिवशी पोस्टमन बसला, बांगड्या विकणारी बसली. पाटलांचा बैल मात्र काही केल्या बसेना. बिसन दिवेलागणीपर्यंत त्याच्यासमोर हात जोडून उभा होता.

तर असा बिसन. त्याच्या दारात एकच म्हैस होती. तिच्या कपाळावर पांढरा चांद होता, म्हणून तिचं नाव चांदी. सायत्राच्या बापानं लेकीला दिलेली वगार आता मोठी होऊन पहिल्यांदाच गाभण होती. आज व्याते का उद्या, अशी तिची अवस्था. सायत्राचा सगळा जीव त्या म्हशीत. चांदी शिंकली तरी सायत्रा तिला "काय झालं गं बाई?" म्हणून विचारायची.

चांदीचं एक होतं. तिला गार पाणी चालत नसे. आणि हिवरपाटीला तर हिवाळ्यात दव पडतं ते गवतावर खडीसाखरेसारखं कडक होतं. हौदातल्या पाण्यावर पहाटे बर्फाची काच धरते. बाकीच्या म्हशी नाक मुरडत का होईना, पितात. चांदी नाकानं वास घ्यायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. म्हणून सायत्रानं एक युक्ती केली होती. गोठ्याच्या वळचणीला सिमेंटचा हौद होता, त्याच्यावर पाण्याला लागेल न लागेल असा एक भला मोठा बल्ब वायरीनं टांगला होता. रात्रभर बल्बची ऊब पाण्याला मिळायची आणि सकाळी चांदी पोटभर प्यायची.

अशा ऐन थंडीत सायत्राच्या बहिणीच्या बाळाचं बारसं निघालं. जाणं भागच होतं. निघताना तिनं बिसनला हौदापाशी उभं केलं.

"अवो, इकडं पाहा. चांदीचं पोट पाह्यलं का केवढं झालं? तिले तहानेली ठेवू नका. पोटात पानी नाही गेलं तर दूध कुठून येईन? अन् दूध नाही आलं तर पिल्लू कसं जगन?"

"कसं जगन?" बिसननं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"नाही जगनार!" सायत्रा म्हणाली. मग तिनं भिंतीवरचं बटन दाखवलं. "संध्याकाळी हे बटन दाबून बल्ब लावजा. सकाळी आठवनीनं बंद करजा. दिवसाढवळ्या बल्ब जळताना दिसला तर मी तुमच्याशी बोलनार नाही."

हे बिसनला फार लागलं. सायत्रा बोलली नाही की त्याला दिवस कुठून सुरू करावा तेच कळत नसे.

"संध्याकाळी चालू, सकाळी बंद," त्यानं घोकलं.

शेजारी चिंधुजीकाका राहायचे. सगळी हयात म्हशींत गेलेली, पांढऱ्या मिशा, डोक्यावर कायम कानटोपी. सायत्रानं कुडावरून हाक मारली, "काकाजी, यांच्यावर लक्ष ठेवजा जी!"

"जाय वं पोरी बिनघोर," काका म्हणाले. "मी हाय ना."

सायत्रा जीपमध्ये बसून घाट उतरली. आणि त्याच दुपारी असा वारा सुटला की घाटातले विजेचे खांब आडवे झाले. सगळ्या गावाची लाईन गेली.

संध्याकाळ झाली. बिसननं बटन दाबलं. बल्ब लागला नाही. पण बटन दाबा असं सांगितलं होतं, ते त्यानं दाबलं होतं. तो निवांत झोपला. सकाळी उठून त्यानं बटन आठवणीनं बंद केलं.

हौदावर बर्फाची काच. चांदीनं वास घेतला, जीभ लावून पाहिली आणि मान वळवून बिसनकडे बघत राहिली.

"बटन दाबलं होतं," बिसन तिला म्हणाला.

एवढ्यात काका आले. "काऊन रे बिसन, म्हैस अशी काऊन उभी? ... आरे लेका, लाईन नाही तर बटन दाबून काय उपेग? असा बर्फ धरला का तो फोडा लागते. हे पाह्य." काकांनी एक धोंडा उचलला आणि हौदात मारला. खळ्ळ! काच फुटली. काकांनी तुकडे बाहेर काढले, वरून घरची गरम पाण्याची बादली ओतली, आणि चांदी प्यायला लागली. "पाह्यलं? सकाळी उठल्याबरोबर आधी हौदात धोंडा मारायचा. खळ्ळ आवाज आला का समजायचं, काम झालं. मंग म्हैस आनायची. समजलं?"

"समजलं जी, काका."

आणि त्याला खरंच समजलं होतं.

दुसऱ्या रात्री आभाळ भरून आलं. थंडी जरा ओसरली. सकाळी हौदात बर्फ नव्हता, नुसतं पाणी होतं. बिसननं आधी बटन बंद केलं. मग धोंडा घेऊन हौदात मारला.

डुबुक.

बिसननं कान टवकारले. डुबुक म्हणजे काही खळ्ळ नव्हे. त्यानं मोठा धोंडा आणला. डुबुक! त्याहून मोठा आणला. डुबुकऽ! बिसन नखशिखांत भिजला. पण हार मानणारा तो नव्हता. घरात गेला, सायत्राचा वरवंटा घेतला, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि हौदात सोडला.

खळ्ळ!

"झालं काम," बिसन म्हणाला आणि चांदीला आणायला गेला.

चांदी येईपर्यंत हौदाच्या बुडातून सगळं पाणी वाहून गेलं होतं. ते थेट काकांच्या अंगणात गेलं. काका दात घासत होते. पायाखाली ओढा आलेला बघून ते दातवणासकट धावत आले.

"हे काय केलं रे?"

"फोडलं जी," बिसन आनंदानं म्हणाला. "आज जरा उशीर लागला. पान्याचं कवच जाड होतं."

काकांनी कपाळाला हात लावला. फुटक्या हौदात आता पाणी राहणार नव्हतं. पण काका मनाचे चांगले. गावजेवणाची एक लोखंडी कढई त्यांच्या पडवीत पडून होती. आख्ख्या गावाची आमटी होईल एवढी, आणि आत माणूस उभा राहील एवढी रुंद. चौघांनी मिळून ती आणली, हौदाच्या जागी बल्बखाली ठेवली. बिसननं हापशीवरून घागरी आणून ती काठोकाठ भरली.

"आता ऐक," काका म्हणाले. "फोडू काही नको. संध्याकाळी झाकून ठेव. वरून गोनपाट टाक, चहूकडून कडबा लाव. आपल्याले घोंगडं तसं पान्याले गोनपाट. झाकलं का थंडी आत जात नाही. समजलं?"

"समजलं जी."

बिसननं अशी कढई झाकली की काय सांगावं! आधी गोणपाट. गोणपाटावर स्वतःचं घोंगडं. घोंगड्यावर सायत्राची गोधडी. भोवती कडबा आणि त्याला खाटेचा सुंभ गच्च आवळून. तो स्वतः मात्र रात्रभर कुडकुडत बसला. सकाळी कढईवर हात ठेवून त्याला फार बरं वाटलं. आत पाणी गोठलेलं नव्हतं, नुसतं डुलत होतं. त्यानं बटन बंद केलं, चांदीला आणून कढईसमोर उभं केलं, आणि म्हणाला, "पी."

चांदीनं गोधडीचा वास घेतला. गोधडीचं एक टोक चावून पाहिलं. मग तिनं हंबरायला सुरुवात केली.

दुपारी चिंधुजीकाकांची बायको, काकू, आल्या तेव्हा चांदी तशीच उभी होती आणि बिसन तिला समजावत होता, "आतच हाय पानी. मी सोता पाह्यलं."

"अरे, मंग उघडून दे ना तिले!"

"झाकून ठेव म्हनलं होतं काकांनी. उघड नाही म्हनलं."

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते बिसनला कळलं नाही. सुंभाच्या गाठी सोडता सोडता संध्याकाळ झाली, तरी शेवटची गाठ काही सुटली नाही. मग काकूंनी घरून एक बादली कोमट पाणी आणून चांदीला पाजलं. पण चांदीला बादली म्हणजे आपल्याला चमचा. ती बादली पिऊन तिनं बादलीचं बूड चाटलं आणि ते चाटून झाल्यावर काकूंचा हात चाटला.

"असं रोज झालं तर सायत्राले काय तोंड दाखवू मी?" काका म्हणाले. त्यांनी विळ्यानं ती गाठ कापली, पण तोवर आतलं पाणी पार गार पडलं होतं; मग सुंभाच्या जागी एक साधा दोर बांधला आणि बिसनचे दोन्ही खांदे धरले. "बिसन, बाबू. सकाळी ऊन पडलं का झाकलेलं उघडायचं. ऊन पडल्यावर झाकलेलं काहीच ठेवायचं नाही. ऊन पडलं का उघड. समजलं?"

"समजलं जी, काका," बिसन म्हणाला. "झाकलेलं काहीच ठेवायचं नाही."

हे 'काहीच' काकांनी बोलायला नको होतं.

सकाळी पूर्वेकडच्या कड्यावरून ऊन आलं. आधी गावाच्या वरच्या टोकाला पडलं. बिसन तिथंच उभा होता. ऊन जसजसं पुढं सरकत होतं, तसतसा बिसन त्याच्यासोबत सरकत होता आणि उघडत होता.

पाटलांच्या अंगणात डालगं होतं, त्याखाली कोंबड्या. उघडलं. कोंबड्या चहूकडे पांगल्या. दुकानावर ताडपत्री होती. ओढली. ताडपत्रीवरचं सगळं दव दुकानदाराच्या मानेवर आलं. गुरवाच्या घरी विरजण झाकलं होतं. त्यानं झाकणी काढली आणि मांजराला जागा करून दिली. सरपंचाच्या मोटारसायकलीचं कापड काढलं. गवताच्या गंजीवरचं प्लास्टिक काढलं, ते वाऱ्यानं उडून देवळाच्या कळसाला जाऊन लागलं. कुणी विचारलं, "काय करतं रे बाबा?" तर बिसन धावता धावता सांगायचा, "ऊन पडलं जी!"

शेवटी ऊन काकांच्या ओट्यावर आलं. काका अजून झोपलेले. बिसननं त्यांची रजई ओढली. त्याखाली चादर होती, ती ओढली. मग त्याला काकांची कानटोपी दिसली.

काकांच्या डोक्यावर एकही केस नाही, हे हिवरपाटीला त्या दिवशी कळलं.

काका शिंकत उठले, त्यांच्यामागून काकू, त्यांच्यामागून पाटील, दुकानदार, सरपंच, आणि सगळ्यांत मागून कोंबड्या. सगळे बिसनच्या अंगणात येऊन पोचले. तिथं कढई तशीच झाकलेली होती. चांदी तिच्या भोवती गोल गोल फिरत होती.

"गावभर उघडत फिरला," काका ओरडले, "अन् हे काऊन नाही उघडलं?"

बिसननं आभाळाकडे बोट दाखवलं. एक ढग येऊन सूर्यासमोर बसला होता.

"इथं ऊनच नाही पडलं जी."

काकांनी कढई उघडली, पण पाणी गारढोण; चांदीनं तोंड फिरवलं. त्या दिवशीही काकूंची एक बादलीच. चांदीच्या पोटातलं पिल्लू आतून लाथा मारायला लागलं होतं. चांदी आता उभ्या उभ्या बिसनची पाठ चाटून पाहायची, कुठं घामाचं पाणी मिळतं का ते. पण थंडीत घाम कुठून येणार?

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तुमी काही सांगू नका," त्या काकांना म्हणाल्या. "मी सांगतो. बिसन, पोरा, चूल पेटव. मोठं भगुनं भरून पानी तापव. अन् आपन आंघोळीचं पानी काढतो का नाही? तसं कढईत कोमट पानी काढ तिच्यासाठी. तिले बरं वाटन. समजलं?"

"समजलं, काकू. आंघोळीसारखं."

"हां. आंघोळीसारखं."

बिसननं सकाळी बटन बंद केलं, चूल पेटवली, पाणी तापवलं. कढईत ओतलं, कोपर बुडवून पाहिलं. मग कढईजवळ पाट मांडला. खुंटीला पंचा अडकवला. सायत्राचा वासाचा साबण होता, तो अर्धा कढईत फेसाळून टाकला, आणि उरलेला पाटावर ठेवला. मग गोठ्याच्या दाराशी जाऊन हाक मारली, जशी सायत्रा त्याला रोज मारायची, "पानी काढलं होऽ!"

चांदी धावत आली. तोंड बुडवलं. एक मोठा घोट घेतला. मग थांबली.

तिच्या डाव्या नाकपुडीतून एक बुडबुडा निघाला. तो मोठा झाला, आणखी मोठा झाला, त्यात सगळं पठार उलटं दिसलं, आणि तो फुटला. मग उजवीकडून एक निघाला. चांदीनं शिंक दिली तेव्हा अंगणभर बुडबुडे उडाले. गावातली पोरं कुठून जमा झाली कुणास ठाऊक. ती बुडबुड्यांमागं धावत होती, आणि चांदी त्यांच्याकडे फेसाळलेल्या मिशांनी पाहत होती.

"तिनं पाय धुतले नाहीत," बिसन काकूंना म्हणाला. त्याला जरा वाईट वाटलं होतं.

आता एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं सायत्रा येणार असा निरोप आला होता. काकांनी साबणाचं पाणी फेकलं, कढई घासून घेतली, बिसनकडून पुन्हा काठोकाठ भरून घेतली. काकूंनी चांदीला बादली पाजली. ती तिनं एका दमात ओढली आणि आणखी मागितली, पण काकूंच्या घरचं सरपण संपलं होतं.

काकांनी एक मोठा भोपळा आणला. बिसनला समोर बसवलं. स्वतःही बसले. एकेक शब्द तोलून बोलले.

"बिसन. फोडायचं नाही."

"नाही."

"झाकायचं नाही. उघडायचं नाही. साबन लावायचा नाही."

"नाही जी."

"हा भोपळा कढईत सोडायचा. तो वाऱ्यानं हालन. त्याच्यानं पानी हालन. हालतं पानी गोठत नाही. एवढंच ध्यानात ठेव. पान्यात काहीतरी हालतं राह्यलं पायजे. थांबलं का गोठलं. हालनं थांबू द्यायचं नाही. काहीही झालं तरी नाही. समजलं?"

बिसनचे डोळे चमकले. इतकी सोपी गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितली नव्हती.

"समजलं जी, काका!"

काका घरी जाऊन कानटोपीवर आणखी एक कानटोपी घालून झोपले.

संध्याकाळी बिसननं बटन दाबलं. लाईन नव्हतीच. मग भोपळा पाण्यात सोडला. वारा होता, भोपळा डुलत होता. सगळं कसं छान चाललं होतं. पहाटे मात्र वारा पडला. एक पान हलेना. बिसन उठून पाहतो तर भोपळा पाण्यात गप्प बसलेला.

"हाल ना गा," बिसन म्हणाला.

भोपळा हलेना. बिसननं फुंकर मारली. भोपळा थोडा हलला, थांबला. बिसननं पुन्हा फुंकर मारली. फुंकर मारून मारून त्याचे गाल दुखले. कढईच्या कडेला बर्फाची बारीक कड धरायला लागली होती. बिसननं घाबरून इकडं तिकडं पाहिलं. पान्यात काहीतरी हालतं राह्यलं पायजे. पण काय? झाडं स्तब्ध. चांदी स्तब्ध. साऱ्या हिवरपाटीत त्या वेळी हलणारी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे बिसन. तो थंडीनं लटलटा हलत होता.

बिसननं भोपळा बाहेर काढला. बल्ब उचलून खुंटीला अडकवला. धोतर वर खोचलं आणि कढईत पाय ठेवला.

पहिला पाय ठेवल्यावर त्याला देव दिसला. दुसरा ठेवल्यावर तो नाचायला लागला.

ऊन वर आलं तेव्हा जीप आली. सायत्रा पिशवी घेऊन उतरली आणि पळतच निघाली. वाटेत दुकानदारानं तिच्याकडे पाहून मान हलवली. गुरवीण म्हणाली, "बाई, तू आली ते बरं झालं." सायत्रा आणखी जोरात धावली. काका-काकूही धावत निघाले, त्यांच्यामागं आख्खं गाव.

अंगणात बिसन कढईत उभा राहून नाचत होता. गुडघाभर पाणी, निळे पडलेले ओठ, एक पाय वर, एक पाय खाली. कडेला चांदी उभी. पाणी डोळ्यांनी दिसत होतं, पण पिणार कुठून? तोंड खाली घातलं की बिसनची टाच नाकावर बसायची.

"अगं बाई!" सायत्रा किंचाळली. "हे काय चाललं?"

"गो-गो-गोठलं नाही!" बिसनचे दात कडकड वाजत होते, पण तोंडभर हसू होतं. "पाह्य, ए-एक चकती नाही बर्फाची!"

"चांदी प्यायली का?"

"क-कशी पिईन? मी हाय ना आत."

"मंग निघा ना बाहेर!"

"नि-निघालो का गोठलं!"

सायत्रानं काकांकडे पाहिलं. काकांनी आभाळाकडे पाहिलं. "म्या भोपळा सांगतला होता वं पोरी," ते क्षीण आवाजात म्हणाले.

चांदीनं असा हंबरडा फोडला की सायत्राला रडू कोसळलं. तिनं बिसनचा हात धरून ओढला. काकांनी दुसरा हात धरला. पण बिसन कढईत पाय रोवून नाचतच होता. काहीही झालं तरी, असं सांगितलं होतं ना!

आणि तेवढ्यात खुंटीवरचा बल्ब लागला.

"लाईन आली! लाईन आलीऽ!" सगळ्या गावानं ओरडा केला. पोरं उड्या मारायला लागली. दुकानातला रेडिओ आपोआप गायला लागला. काकूंनी सायत्राला मिठी मारली. काकांनी दोन्ही कानटोप्या हवेत उडवल्या.

बिसननं बल्बकडे पाहिलं. मग उन्हाकडे पाहिलं. मग सायत्राकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो टुणकन कढईतून बाहेर उडी मारून निघाला.

"निघाला एकदाचा!" काका म्हणाले. "सुटलो बाप्पा."

बिसन ओल्या पायांनी भराभरा भिंतीपाशी गेला. आणि त्यानं बटन बंद केलं.

"दिवस उगवला ना," तो म्हणाला. "जळताना दिसला अन् तू बोलली नाही म्हंजे?"

सायत्रानं कपाळावर हात मारला. चांदीला मात्र बटनाचं काहीच नव्हतं. बिसन बाहेर पडताच तिनं कढईत तोंड घातलं होतं. इतक्या दिवसांची तहान होती ती. नाचून नाचून पाणी पुरतं ढवळलं होतं, वरून बिसनची ऊब, त्यामुळे ते गार म्हणावं असंही राहिलं नव्हतं. चांदी पीत होती आणि तिच्या गळ्यातून गट् गट् आवाज येत होता. कढई अर्धी झाली. पाव झाली. तळ दिसला. चांदीनं तळ चाटला, डोकं वर काढलं आणि अशी तृप्त ढेकर दिली की पाटलांच्या कोंबड्या पुन्हा पांगल्या. मग ती हळूच कडब्यावर बसली, आणि सगळं गाव पाहत असताना तिथंच व्याली. चिकणी वगार! तिच्याही कपाळावर पांढरा चांद. वगार धडपडत उठली, आईला जाऊन लुचली, आणि तिच्या ओठांच्या कडेनं दुधाचा फेस आला.

"दूध हाय वं, भरपूर दूध हाय!" काकू रडत हसत म्हणाल्या.

सायत्रानं डोळे पुसले, वगारीच्या कपाळावर हात फिरवला आणि नवऱ्याला हे सगळं दाखवावं म्हणून मागं वळली.

ठण्! ठण्! ठण्! ठण्!

बिसन परत कढईत चढला होता आणि कोरड्या लोखंडावर जिवाच्या आकांतानं नाचत होता.

"अवो," सायत्रा म्हणाली, "आता त्या कढईत काय हाय गोठायले?"

बिसननं नाचता नाचता खाली वाकून पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट पाहिलं. मग त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा आनंदानं उजळला होता.

"काहीच नाही गोठलं!" तो म्हणाला. "काका खरंच हुशार हायेत."